सहाशे सहासष्ट मीटर खाली, आणि परत

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा गिरगाव चौपाटीच्या वाळूत बसलेल्या मुंबईकराला समोरचा समुद्र अथांग वाटतो. प्रत्यक्षात तो बराच उथळ आहे. बंदरात मोठी जहाजे यावीत म्हणून गाळ उपसून वाट मोकळी ठेवावी लागते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्रापाशीही पाण्याची खोली पाऊणशे मीटरच्या आसपासच भरते. फोर्टातील विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. तो उचलून मुंबई हायच्या तळावर उभा केला, तर त्याचा माथा पाण्याबाहेर राहील आणि एखादा समुद्रपक्षी त्यावर निवांत बसू शकेल.

शाळेच्या भूगोलात पाठ केलेला ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द आज अनेकांच्या स्मरणातही नसेल. मुंबईसमोरचा समुद्र म्हणजे तीच. भूखंडाचा हा बुडालेला काठ शहराच्या पश्चिमेला तीनशे किलोमीटरच्या आसपास मंद उताराने पसरलेला आहे. त्याची कड ओलांडली की खंडान्त उतार लागतो आणि तळ झपाट्याने खाली जाऊ लागतो. खरा खोल समुद्र तेथून पुढे सुरू होतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतीय नौदलाच्या एका नव्या, छोट्या वाहनाच्या चाचण्या मुंबईच्या समुद्रात सुरू होत्या. त्या चाचण्यांदरम्यान आत माणसे बसलेली असताना हे वाहन ६६६ मीटर खोलीपर्यंत गेले आणि परत आले. माणसे घेऊन गेलेल्या कोणत्याही वाहनाने भारतीय सागरी क्षेत्रात तोपर्यंत गाठलेली ही सर्वाधिक खोली असल्याचे नौदलाने जाहीर केले. जागतिक विक्रमांच्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर खाली, १९६० मध्येच दोन माणसे जाऊन आली होती. परंतु मुंबईच्या वाहनाचे काम वेगळे आहे. समुद्रतळावर अडकून पडलेल्या पाणबुडीतील माणसांना जिवंत वर आणण्यासाठी ते घेतले गेले. खोल समुद्रात माणसांनी घेतलेल्या साऱ्या बुड्यांचा इतिहास चाळला, तर या वाहनाचे महत्त्व ध्यानात येते. खाली जाणे फारसे कठीण नसते. पुरेसे वजन असले की दगडही तळ गाठतो. वर कसे यायचे, आणि स्वतःला वर येता आले नाही तर कोण येणार, याच दोन प्रश्नांवर आजवरची बहुतेक बुद्धी आणि बहुतेक पैसा खर्च झाला आहे.

अंगावरचा दाब आणि भिंतीवरचा दाब

समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे दाब साधारणतः एका वातावरणाइतका वाढतो. या दाबाला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पाणबुड्याचा. तो दाब स्वतःच्या शरीरावर घेतो आणि त्याच दाबाची हवा किंवा वायुमिश्रण फुप्फुसात भरतो. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत पाण्याखालच्या नळांची जोडणी, दुरुस्ती अशी कामे करणारे पाणबुडे याच मार्गाने जातात. मात्र दाबाखाली श्वासातले वायू रक्तात आणि ऊतींत विरघळतात. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर यावेत तसे त्यांचे बुडबुडे शरीरात तयार होतात. सांधे जखडण्यापासून मृत्यूपर्यंत त्याचे काहीही परिणाम होऊ शकतात. म्हणून खोल पाण्यात दीर्घकाळ काम करणाऱ्या पाणबुड्यांना कामाचे सगळे दिवस जहाजावरच्या दाबाच्या कोठडीतच ठेवतात आणि शेवटी कित्येक दिवस घेऊन दाब हळूहळू उतरवतात. या मार्गाने माणूस काही शे मीटरपर्यंत जातो. त्यापुढे शरीर साथ देत नाही.

दुसरा मार्ग बंद कोठडीचा. आत नेहमीची हवा, नेहमीचा दाब. बाहेरचा सारा भार भिंतीने सोसायचा. हा भार किती असतो, हे खिशातल्या रुपयाच्या नाण्यावरून समजू शकते. ६५० मीटर खोलीवर नाण्याएवढ्या जागेवर सुमारे अडीचशे किलो वजन पडते, आणि ६००० मीटरवर दोन टनांहून अधिक. हा भार एका बाजूने नव्हे, तर सर्व बाजूंनी सारखाच येतो. गोल आकाराला कोपरा नसतो, त्यामुळे भार कुठेही एकवटत नाही. अतिखोल जाणाऱ्या बहुतेक वाहनांत माणसांची जागा गोळ्याच्या आकाराची असते, ती याचसाठी. हौसेने कुणी तो आकार निवडलेला नाही. आतल्या माणसांना पाय पसरायलाही तो गैरसोयीचाच असतो.

लायन गेटच्या आत

शहीद भगतसिंग मार्गावरून लायन गेटसमोरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून नौदल गोदीची उंच भिंत तेवढी दिसते. या भिंतीच्या आत १२ डिसेंबर २०१८ रोजी तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांच्या उपस्थितीत ते बचाव वाहन नौदलात रीतसर दाखल झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘डीएसआरव्ही’ म्हणतात. २०१६ मध्ये ब्रिटनमधील जेम्स फिशर समूहातील कंपनीशी अशा दोन संचांचा करार झाला होता. पहिला संच मुंबईत, पश्चिम किनाऱ्यासाठी. दुसरा विशाखापट्टणम येथे, पूर्व किनाऱ्यासाठी. ६५० मीटर खोलीपर्यंतच्या पाणबुडीतून माणसे काढण्याची त्याची क्षमता आहे, आणि एका खेपेत चौदा माणसे वर आणता येतात. वाहन दोरीने जहाजाला बांधलेले नसते. आतले चालक ते स्वतः हाकतात. गरजेनुसार ते रस्त्याने, जहाजाने किंवा विमानानेही हलवता येते.

त्याआधी भारताची भिस्त मुख्यतः अमेरिकेच्या नौदलाशी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या समझोत्यावर होती. दुर्घटना घडली, तर त्यांची सामग्री हजारो मैलांवरून विमानाने यायची, बंदरात जहाजावर चढायची आणि मग घटनास्थळी निघायची. बुडालेल्या पाणबुडीत हवा साधारणपणे काही दिवसच पुरते, हे लक्षात घेतले की अशा समझोत्याला वेळेची मर्यादा किती मोठी होती ते कळते.

मुंबईचा आणि पाणबुड्यांचा संबंध लायन गेटपुरता नाही. काळाचौकी आणि लालबागपासून फार दूर नसलेल्या माझगाव गोदीत ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्या अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात आल्या. पुढे ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या येथेच तयार झाल्या. त्यांतली पहिली डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी, ‘वाघशीर’, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. शल्की ज्या जर्मन बनावटीच्या वर्गातली, त्या वर्गात एक दुर्मीळ सोय होती. पाणबुडीच्या पोटातच एक पोलादी गोळा बसवलेला असे. संकट आले, तर सुमारे चाळीस जणांच्या संपूर्ण ताफ्याने त्यात शिरायचे, झाकण लावायचे आणि गोळा सोडून द्यायचा. तो आपल्या तरणशक्तीने वर येतो. बाहेरून कुणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. बचावाचा हा सगळ्यात सरळ विचार म्हणायला हवा. मात्र असा गोळा पाणबुडीतली फार मोठी जागा व्यापतो, आणि पाणबुडीत जागेइतकी महाग वस्तू दुसरी नाही. जगातल्या बहुतेक पाणबुड्यांत तो नसतो. त्यांच्यासाठी बाहेरूनच कुणीतरी जावे लागते.

१४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. अठरा नौसैनिक मृत्युमुखी पडले. तेथे पाणी उथळ होते, आणि स्फोटांनी व आगीने आतील भागाची जी दशा केली होती, तीत कोणतेही बचाव वाहन उपयोगी पडले नसते. गढूळ पाण्यात, हाताने चाचपडत पाणबुडे आत शिरले आणि एकेक मृतदेह बाहेर काढत राहिले. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांसाठी ‘पाणबुडी’ हा शब्द त्या रात्रीपासून केवळ प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला राहिला नाही.

बारा मिनिटांचा प्राणवायू

मुंबईत दाखल झालेल्या या वाहनाच्या वंशावळीत एक जुनी दुर्घटना आहे. २९ ऑगस्ट १९७३ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे मैलांवर ‘पायसिस-३’ नावाची छोटी पाणबुडी अटलांटिकपार दूरध्वनी केबल पुरण्याचे काम आटोपून वर आली होती. आत दोनच माणसे होती. रॉजर चॅपमन हे ब्रिटिश नौदलातले माजी पाणबुडी अधिकारी, वय अठ्ठावीस. आणि रॉजर मॅलिन्सन हे अभियंते. जहाजावर ओढून घेताना दोरखंड पाणबुडीच्या मागील भागाच्या झाकणात अडकला आणि झाकण उखडले. यंत्रसामग्री असलेला तो भाग पाण्याने भरला. टनाहून अधिक वजन वाढलेली पाणबुडी शेपटीकडून खाली निघाली आणि ४८० मीटरवर तळावर आदळली. माणसे बसलेला गोळा शाबूत राहिला.

या गोळ्याचा व्यास सहा फूट. गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणली, तर तिच्यात मावणाऱ्या हवेच्या एक दशांशाहूनही कमी हवा या दोघांभोवती होती. अशा जागेत प्राणवायू संपण्याआधीच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. तो शोषून घेणारे रसायन आणि त्यावरून हवा खेळवणारा छोटा पंखा त्यांच्याकडे होता. दोघांनी दिवे बंद केले, बोलणे बंद केले आणि ते शक्य तितक्या वरच्या बाजूला निश्चल पडून राहिले. बोलण्यातही प्राणवायू खर्च होतो. जवळ एक सँडविच आणि लेमोनेडचा एक डबा होता. प्राणवायूची एक टाकी मॅलिन्सन यांनी बुडी घेण्यापूर्वी बदलून पूर्ण भरलेली लावली होती. ती बदलली नसती, तर पुढचे सांगण्यासारखे काही उरले नसते.

मदतीला आणखी दोन पायसिस पाणबुड्या आणि अमेरिकेचे दूरनियंत्रित वाहन आणावे लागले. त्यासाठी मूळ जहाजाला कॉर्क बंदरापर्यंत जाऊन यावे लागले. एक दोरी तुटली. एक पाणबुडी बिघडून परत वर आली. दुसरीला तळावर शोधूनही ते दोघे लवकर सापडेनात. चुका आणि बिघाड एकापाठोपाठ एक होत राहिले. अखेर १ सप्टेंबरला दोन दोरखंड अडकवण्यात यश आले आणि पायसिस-३ वर खेचली गेली. तळावर ७६ तास गेले होते. झाकण उघडले, तेव्हा बारा मिनिटे पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक होता.

चॅपमन यांनी पुढे पाण्याखालील बचाव हेच आयुष्याचे काम केले आणि रूमिक ही कंपनी काढली. ती नंतर जेम्स फिशर समूहात सामील झाली. ऑगस्ट २००५ मध्ये रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कामचात्काजवळ, ‘एएस-२८’ ही छोटी पाणबुडी सुमारे १९० मीटरवर जाळ्यांत आणि केबलींत अडकली. ती स्वतःच एक बचाव पाणबुडी होती. आतल्या सात जणांना सोडवायला ब्रिटनहून ‘स्कॉर्पिओ’ हे दूरनियंत्रित यंत्र विमानाने नेण्यात आले. ते चालवणारे पथक चॅपमन यांच्या कंपनीचे होते. यंत्राने जाळी कापली आणि पाणबुडी सातही जणांसह वर आली. याच समूहाने मुंबई आणि विशाखापट्टणमची वाहने बनवली. चॅपमन यांचे २०२० मध्ये निधन झाले.

समुद्रच धरून ठेवतो

तळावर पडलेल्या पाणबुडीला बचाव वाहन जोडले कसे जाते? वाहनाच्या पोटाखाली घंटेच्या आकाराचा, खालून उघडा असा भाग असतो. पाणबुडीच्या पाठीवर सुटकेच्या झाकणाभोवती एक सपाट, गुळगुळीत कडे असते. चालकाने अंधारात, प्रवाहाला तोंड देत, ही घंटा त्या कड्यावर नेमकी बसवायची. बसली की आतले पाणी पंपाने काढायचे. आतला दाब उतरताच बाहेरचा समुद्र वाहनाला पाणबुडीवर दाबून धरतो. एक मीटर व्यासाचे वर्तुळ धरले, तरी ६५० मीटरवर हा जोर पाचशे टनांहून अधिक होतो. एवढ्या जोराचे खिळे वा बोल्ट कुणी बसवू शकले नसते. जो समुद्र पाणबुडी चिरडायला निघालेला असतो, त्याच्याच जोरावर ही जोडणी टिकते. मग दोन्ही झाकणे उघडतात आणि माणसे कोरड्या अंगाने वर चढतात.

कागदावर हे सोपे दिसते. ऑगस्ट २००० मध्ये ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी बॅरेंट्स समुद्रात १०८ मीटरवर बुडाली. स्फोटांनंतर तिच्या मागच्या कप्प्यात तेवीस जण काही काळ जिवंत होते. रशियन बचाव वाहने वारंवार प्रयत्न करूनही झाकणावर बसली नाहीत. शेवटी नॉर्वेच्या पाणबुड्यांनी झाकण उघडले, तेव्हा आत पाणी भरलेले होते. ११८ जणांपैकी एकही वाचला नाही. १०८ मीटर म्हणजे राजाबाई टॉवरच्या उंचीपेक्षा थोडीच अधिक खोली. तेवढ्या पाण्यातही सुटका झाली नाही.

म्हणूनच मुंबईसमोर १५ ऑक्टोबर २०१८ रोजी झालेला सराव ६६६ मीटरच्या आकड्यापेक्षा मोलाचा मानायला हवा. त्या दिवशी नौदलाची एक पाणबुडी तीनशे फुटांहून अधिक खोलीवर तळाला टेकवण्यात आली. वाहन खाली गेले, झाकणावर बसले, दोन्ही झाकणे उघडली गेली आणि पाणबुडीतली माणसे वाहनात आली. खऱ्या प्रसंगी हेच पुन्हा पुन्हा करावे लागेल. कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर चाळीसहून थोडे अधिक जण असतात. चौदाच्या हिशेबाने चार खेपा होतात. पहिल्या खेपेत कुणी जायचे आणि चौथीसाठी कुणी थांबायचे, याचा निर्णय पाणबुडीच्या आतच घेतला जातो. शिवाय आत पाणी शिरून हवेचा दाब वाढलेला असेल, तर वर आलेल्या माणसांना तसेच मोकळ्या हवेत सोडता येत नाही. पाणबुड्यांप्रमाणे त्यांनाही जहाजावरील दाबाच्या कोठडीत न्यावे लागते.

अशा कामासाठी वाहनाइतकेच त्याचे जहाजही महत्त्वाचे. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेले ‘निस्तार’ हे जहाज जुलै २०२५ मध्ये नौदलात आले आणि सप्टेंबरमध्येच सिंगापूर येथील बहुराष्ट्रीय बचाव सरावात उतरले. तेथे भारतीय वाहनाने परदेशी पाणबुड्यांशी जोडणी करून दाखवली. या कामात देशांच्या सीमा फारशा आड येत नाहीत. बुडालेल्या पाणबुडीला जवळचे वाहन कुणाचे आहे, एवढेच पाहावे लागते.

साडेसहाशे मीटरच का, असा प्रश्न येथे पडावा. याचे उत्तर कठोर आहे. नेहमीच्या पाणबुड्यांचे कवच काही शे मीटरपर्यंतच टिकते. त्याहून खोल गेलेल्या पाणबुडीत सुटका करण्यासारखे कुणी उरत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी इंडोनेशियाची ‘नंगाला’ ही पाणबुडी बालीच्या उत्तरेला ५३ जणांसह बेपत्ता झाली. दुसऱ्याच दिवशी भारताने विशाखापट्टणमहून आपले बचाव वाहन रवाना केले. ते वाटेत असतानाच नंगाला ८३८ मीटरवर तीन तुकड्यांत सापडली.

या हिशेबात मुंबईचा उथळ समुद्र अनपेक्षितपणे उपकारक ठरतो. समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे दोनशे मीटरच्या आतबाहेर, पाणबुडी तळाला टेकली तर कवच टिकते आणि वाहन पोहोचू शकते. तीच पाणबुडी खंडान्त उताराच्या पलीकडे निकामी झाली, तर तळ गाठण्याआधीच सगळे संपते. चौपाटीवरून दिसणाऱ्या त्या गढूळ पाण्याखाली पाणबुडीतल्या माणसाला निदान उभे राहायला तळ आहे.

जेथे कुणी येणार नाही

आता प्रश्न त्याहून दहापट खोलीचा. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्याएवढे काळपट खडे वर आणले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे बहुधातू गोटे. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क भारताला मिळालेला आहे. तेथील खोली पाच ते सहा हजार मीटर. त्या तळापर्यंत भारतीय माणसे भारतीय वाहनातून नेण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य-६०००’ तयार करत आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४०७७ कोटी रुपयांच्या खोल सागर मोहिमेचा हा भाग. तीन जणांसाठी २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा. नेहमीच्या मोहिमेसाठी १२ तासांची आणि आणीबाणीसाठी ९६ तासांची तरतूद. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात त्याच्या माणसांविना आणि माणसांसह उथळ पाण्यातील चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ‘नॉटिल’ या पाणबुडीतून उत्तर अटलांटिकमध्ये आर. रमेश हे ४०२५ मीटरपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त कमांडर जतिंदरपाल सिंग हे ५००२ मीटरपर्यंत जाऊन आले. भारतीयांनी एवढी खोली प्रथमच गाठली होती.

सहा हजार मीटरवर झाकणाला झाकण जोडून माणसे काढणारे वाहन जगात कुणाकडे नाही. मुंबईच्या वाहनाची सोय येथे संपते. दूरनियंत्रित यंत्र एवढ्या खोलीवर जाऊन जाळे कापू शकेल, दोरी अडकवू शकेल. पण ते जगाच्या कोणत्या कोपऱ्यात असेल आणि किती दिवसांनी येईल, याचा भरवसा नाही. त्यामुळे परतीची सोय वाहनाच्या रचनेतच करावी लागते. १९६० च्या मोहिमेत हीच युक्ती होती. २३ जानेवारीला जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ज्या ‘ट्रिएस्ट’मधून १०,९१६ मीटर खाली उतरले, तिच्या टाकीत सुमारे ८५ हजार लिटर पेट्रोल भरले होते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके आणि दाबाखाली फारसे न आकसणारे, म्हणून ते तरंगण्यासाठी. बुडण्यासाठी लोखंडी छर्ऱ्यांचे नऊ टन वजन. हे छर्रे नरसाळ्यात विद्युतचुंबकांनी धरून ठेवले होते. वीज गेली की चुंबकत्व जाते, छर्रे आपोआप गळून पडतात आणि यान वर निघते. बिघाड झाला तर यान खाली अडकून न पडता वर यावे, अशी ही रचना होती. उतरताना प्रवेशमार्गाच्या खिडकीला तडा गेला, मोठा आवाज झाला. तरी दोघे तळाशी पोहोचले, सुमारे वीस मिनिटे थांबले आणि छर्रे सोडून सव्वातीन तासांत वर आले. वजन सोडून वर येण्याचे हे तत्त्व त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक खोल यानाने घेतले आहे. मत्स्यही त्याला अपवाद नाही.

वजन सोडण्याची सोय ‘टायटन’मध्येही होती. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेले ते यान पाच जणांसह नष्ट झाले. माणसे बसण्याची जागा गोळ्याऐवजी नळकांड्याच्या आकाराची आणि मुख्यतः कार्बन तंतूंची होती, आणि यानाला कोणत्याही स्वतंत्र वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. मृतांमध्ये पॉल-आंरी नार्जोले होते. रमेश आणि सिंग ज्या नॉटिलमधून गेले, तिचे ते एकेकाळी चालक होते. चार दिवस जगभरच्या वाहिन्या उरलेल्या प्राणवायूचे तास मोजत होत्या. टायटनवरही ९६ तासांचीच तरतूद सांगितली जात होती. पण कवच पहिल्याच दिवशी, उतरतानाच कोसळले होते. भिंत टिकली तरच प्राणवायूच्या साठ्याला अर्थ आहे.

त्यामुळे मत्स्यचे भवितव्य सर्वाधिक अवलंबून आहे ते त्या ८० मिलिमीटर टायटॅनियमवर आणि गोळ्याचे भाग जोडणाऱ्या सांध्यांवर. प्रत्यक्ष मोहिमेत तळ गाठायला तीन-चार तास आणि वर यायला जवळपास तितकेच. मधल्या वेळेत एका छोट्या जाड खिडकीतून, दिव्याच्या झोतात दिसेल तेवढे पाहायचे. काही बिघडले तर वजने सोडायची आणि वाट पाहायची. यान पृष्ठभागावर आले तरी खवळलेल्या समुद्रात झाकण लगेच उघडता येईलच असे नाही. जहाज शोधत येईपर्यंत, लाटांवर हेलकावे खात, तिघांना आतच बसावे लागेल. ९६ तासांची तरतूद त्या वेळेसाठीही आहे.